आधी टाकी, मग कपाट

पहाटे साडेचार

मे महिन्यात वाशिमला सामान हलवायचं तर ते सकाळी अकराच्या आत. पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, नऊलाच ऊन बोचायला लागतं आणि अकरानंतर कोणाच्या पाठीवर लोखंडी कपाट देणं बरं नव्हे. म्हणून आम्ही दिवस अंधारातच सुरू केला.

यंदा, 2025 साली, अक्षय तृतीया 30 एप्रिलला आली. नव्या घराची वास्तुशांत, दूध उतू घालवणं, नातेवाइकांची पंगत हे सगळं त्या दिवशी उरकलं. सामान मात्र दुसऱ्या दिवशी, 1 मेला हलवायचं असं आधीच ठरलं होतं, कारण पाहुणे आणि खोकी एका घरात मावत नाहीत. शिवाय महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकच असल्याने दीर घरी होते, आणि बाजार समिती बंद म्हणून ओळखीचे हमाल मोकळे होते. बँक, महावितरण, नगर परिषद, सगळ्यांनाच सुटी. एका परीने तेही बरंच. आज कोणालाच कुठल्या कार्यालयाची पायरी चढायची नव्हती, फक्त घर लावायचं होतं.

घर लावायचं म्हटलं की सोफा कुठे, टीव्ही कुठे, इथून बोलणं सुरू होतं. आमच्या भागात ते चालत नाही. इथे घर पाण्यापासून लावावं लागतं. आधी टाकी, मग वीज, मग दाणे, मग चूल. एवढं जागेवर बसलं की पलंग आणि कपाटं दोन दिवस भिंतीला उभी राहिली तरी कोणाचं काही अडत नाही. सासूबाई रिसोड तालुक्यातल्या. त्यांनी हा क्रम कधी शब्दात सांगितला नाही, पण घरात काही हलवायचं झालं की त्यांचं पहिलं पाऊल पाण्याकडे जातं, हे मी इतकी वर्षं पाहत आले आहे.

पाच

मी, सासूबाई आणि दीर नव्या घरी पोहोचलो. सोबत माठ, पाण्याची कळशी, दोन बादल्या, झाडू, टॉर्च आणि देवाचा डबा, बाकी काही नाही.

रिसोड नाक्याच्या पुढच्या एका लेआउटमधलं हे घर. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याची कार्यालयं इथे आली आणि त्यांच्यामागे बदलीवर आलेली माणसं. त्यांतलेच एक गृहस्थ इथे रमले, प्लॉट घेतला, घर बांधलं, निवृत्त झाले आणि आता मुलाकडे पुण्याला गेले. आम्ही गावातच, लाखाळ्यात, भाड्याने राहत होतो. दुसऱ्याने राहून पाहिलेलं घर घेण्यात एक मोठा फायदा असतो: त्या घराच्या खोडी कोणाला तरी ठाऊक असतात. किल्ली घेताना मी या काकांना घरभर फिरवलं होतं आणि एकेक विचारून वहीत उतरवलं होतं. नळाचा व्हॉल्व्ह कुठे गाडलाय, शौचखड्ड्याचं झाकण कुठल्या फरशीखाली आहे, गच्चीचं पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं, बोअर कधी दमतं.

बोअरची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठतं ते दगडाच्या भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात. उन्हाळ्यात त्या भेगा हळूहळू भरतात. मोटार सलग चालवली की बोअर उपसून जातं, मोटार कोरडी फिरते आणि जळते. काकांनी सांगितलं होतं, मे महिन्यात अर्धा तास चालवा, तासभर थांबा. म्हणून पाचलाच बटण दाबलं. टाकी दिरांनी आदल्या आठवड्यात घासून, ब्लीचिंग पावडरचं पाणी काही तास ठेवून, रिकामी करून ठेवली होती. पिण्यासाठी एकबुर्जी धरणाचं नळाचं पाणी, वापरायला बोअरचं. हे दोन हिशेब इथे वेगवेगळे ठेवावे लागतात, कारण नळ रोज येत नाही.

सासूबाईंनी माठ तिवईवर ठेवला, लाखाळ्यातून आणलेल्या कळशीतलं पाणी त्यात ओतलं आणि वर ओला फडका गुंडाळला. प्यायच्या पाण्याची जागा ठरली.

सहा

दिरांनी गच्चीवरून खाली येता येता मागच्या अंगणात दोन बादल्या पाणी ओतलं, अर्थिंगच्या खड्ड्यात. हे काम लहान दिसतं, पण मी त्याला फार मानते. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत नीट उतरत नाही. त्याच दिवसांत आपण पाण्याने भरलेला लोखंडी कूलर घराघरांत चालवतो. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात येतेच. म्हणून किल्ली मिळाल्यावर रंगाच्याही आधी आम्ही वायरमन बोलावला होता. त्याने अर्थिंग तपासलं, गळती झाली की वीज तोडणारं 30 मिलिअँपिअरचं यंत्र बोर्डात बसवलं आणि कूलरसाठी तीन पिनांचा वेगळा पॉइंट काढला. मी प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर खोलीचं नाव लिहिलं. घरातला नियम एकच: पाणी भरायच्या आधी कूलरचा प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. तो नियम मुलीच्या अक्षरात कूलरच्या खिडकीवर चिकटवला आहे.

सात

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मालेगाव तालुक्यात. त्याला सुटी नव्हतीच. झेंडावंदन, मग वर्षाचा निकाल, प्रगतिपत्रकं. सामान हलवायच्या दिवशी घरचा माणूस दुपारपर्यंत नाही हे कळल्यावर काही जणांनी नाराजी दाखवली. मला त्यात काही वाटलं नाही. खेड्यातल्या पोरांच्या हातात वर्षाचा कागद द्यायला त्यांचे गुरुजी हजर असावेतच.

लाखाळ्यात छोटा हत्ती टेम्पो दाराशी लागला. खोकी तयार होती. खोक्यावर आत काय आहे ते लिहिण्याची पद्धत मला पटत नाही. हमालाला त्याचा उपयोग नसतो आणि उतरवताना वाचायला कोणाला वेळ नसतो. आम्ही नव्या घराच्या प्रत्येक दारावर खडूने एक आकडा घातला आणि त्याच खोलीच्या खोक्यावर तोच आकडा, चारी बाजूंनी. आकड्याखाली एक अक्षर: ‘आ’ म्हणजे आजच उघडायचं, ‘स’ म्हणजे सवडीने. ‘आ’ची खोकी जेमतेम होती. एक भांड्यांचं, एक अंथरुणांचं, एक औषधं-टॉवेल-साबणाचं आणि एक अवजारांचं. यांच्यापलीकडे पहिल्या रात्री माणसाला काही लागत नाही.

कागदांची फाइल आणि दागिन्यांचा डबा गाडीत गेला नाही. ते माझ्या खांद्यावरच्या पिशवीत.

साडेआठ

आता दाणे. आमच्याकडे घर बदलायचा हंगाम आणि सालाचं धान्य भरायचा हंगाम एकच पडतो. शाळा सुटलेल्या असतात आणि गहू, तूर नुकतीच बाजारात आलेली असते. गव्हाचे आणि ज्वारीचे कट्टे, गिरणीतून भरडून आणलेली तुरीची डाळ आणि तीन पत्र्याच्या कोठ्या. सामानातलं सगळ्यात जड हेच, आणि एकदा ठेवलं की वर्षभर न हलणारंही हेच.

“ताई, हे कोठी कुठी ठेवू?” हमालभाऊंनी विचारलं.

मी काही म्हणायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. “थांब भाऊ, भितीले टेकवू नोको. तिले मांगून हवा लागू दे.”

त्या कोठाराच्या खोलीत शिरल्या आणि आधी भिंत पाहिली. तळहात खालपासून वर फिरवला, पोपडे निघतात का, ओल लागते का. उत्तरेची भिंत त्यांनी सरळ नाकारली, कारण तिच्या पलीकडे न्हाणीघर. मग पूर्वेच्या भिंतीवर एक बारीक तिरपी भेग दिसली. तिथे मी थांबले.

काळ्या मातीवरच्या घराला भेग पडली की माणूस घाबरतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्यासोबत हलतं. पण प्रत्येक भेग पायाची नसते. गिलाव्याची भेग केसासारखी असते, तिची वेडीवाकडी जाळी होते आणि ती वाढत नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, बोटाचं नख आत जाईल एवढी रुंद भेग असेल तर इंजिनिअरला दाखवावी. आमची मधली होती. मी पेन्सिलीने तिच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी तारीख लिहिली, 1-5-2025. पावसाळा संपला की, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा, ती रेघ ओलांडून गेली का ते दिसेल. तोवर त्या भिंतीपुढे कपाट लावायचं नाही, रंगाचा हात मारून ती झाकायचीही नाही. घर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: भेग नजरेसमोर ठेवा.

शेवटी कोठ्या दक्षिणेच्या भिंतीपासून वीतभर दूर, सागाच्या फळ्यांवर बसल्या. मागून झाडू फिरेल एवढी जागा ठेवली, उंदराची वाट कळायला तेवढी पुरते. गहू आधीच्या आठवड्यात गच्चीवर वाळवला होता आणि रात्रभर निववला होता. तापलेला गहू कोठीत कोंडला तर आत वाफ धरते आणि जाळी लागते. भरण्याआधी सासूबाईंनी चार दाणे दाताखाली धरले. कट्ट असा आवाज आला. “भरा,” त्या म्हणाल्या. थराथराला सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात.

दुकानात किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मागणारी माणसं मी पाहिली आहेत. ती गोळी हवेतल्या दमटपणाने फुटते आणि तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. बंद खोलीत तो किड्यासोबत माणसालाही मारतो. ती गोदामाची वस्तू आहे, तीही जाणकाराच्या हातची. राहत्या घरात, त्यातून लेकरं झोपतात त्या खोलीशेजारी, तिला जागा नाही. शेजारणीने कौतुकाने दिली तरी घेऊ नये.

अकरा

गाडी रिकामी झाली. जे राहिलं ते लाखाळ्यातच राहू दिलं, संध्याकाळी आणू. हमालभाऊंना ठरल्याहून जास्त पैसे दिले. कामगार दिनाला काम करणाऱ्याला हे कमीच. मग सगळ्यांना पन्हं.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. “सैपाकाच्या भानगडीत आज पडू नोका वो. भाकरी मी धाडतो.” आणि खरंच, साडेअकराला झाकलेली परात आली. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, कांदा, मिरचीचा ठेचा. खोक्यांच्या मधे सतरंजी टाकून आम्ही जेवलो.

दुपारी साडेबारा

बाहेर पाहवत नव्हतं. कूलर लावला, खिडक्यांना ओली चादर बांधली. सासूबाई आणि मुलगी आडव्या झाल्या. मी फाइल उघडली. दुपारचे हे तास मी मुद्दाम कागदांसाठी राखले होते, कारण सामान मांडायची घाई सुरू झाली की कागद कुठल्या तरी उशीखाली जातात.

खरेदीखत नोंदलं की घर आपलं झालं, असं आपण धरून चालतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही-अंगठा झाला, इंडेक्स टू हातात पडला, पेढे वाटले. पण त्या एका कागदाने बाकीच्या दप्तरांतली नावं आपोआप बदलतीलच यावर विसंबून राहू नये. मी प्रत्येक दप्तरासाठी एक पान केलं.

पहिलं पान तलाठ्याचं. आमच्या प्लॉटचा उतारा अजून अकृषक सातबाराच आहे. फेरफार नोंदवल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी सगळे तलाठीच म्हणतात. दुसरं पान नगर परिषदेचं, घरपट्टी आणि नळपट्टी. थकबाकी नसल्याचा दाखला काकांकडून खरेदीआधीच घेतला होता. तिसरं महावितरणचं. इथे जुन्या बिलाकडे काणाडोळा करू नये. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागण्याचे वीज कंपन्यांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये वैध ठरवले आहेत. शेवटचं बिल, भरल्याची पावती आणि किल्ली घेतली त्या दिवशीचा मीटरचा फोटो, तिन्ही एकत्र टाचली. चौथं गॅस एजन्सीचं, पत्ताबदल. पाचवं मतदार यादीचं: एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी राहायला गेलं की नमुना 8, मग मतदारसंघ तोच असो वा वेगळा. आधार, बँक आणि रेशनकार्ड एका पानावर.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत 1 एप्रिल 2021 पासून मिळते. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. सुरुवातीला असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये निघाली. नोंदणी फी वेगळी, एक टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर नाही. सवलतीचे पैसे टाकीत आणि वायरिंगमध्ये गेले. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट दुसरीच. लाखाळ्यात घरमालक भाडं वाढवायचं बोलायला यायचे तेव्हा ते नवऱ्याची वाट पाहत बसत. फेरफाराची नोटीस आता माझ्या नावाने येणार आहे.

फाइलला जागा दिली: देवघराखालचा कप्पा, कुलपाचा. मूळ कागद तिथे, एक झेरॉक्स संच दिरांच्या घरी, फोटो मोबाइलमध्ये. लोखंडी कपाटाच्या तळाशी कागद ठेवायची सवय आपल्याकडे आहे. वाळवी खालूनच चढते, हे आपण विसरतो.

चार

नवरा आला, हातात निकालाची रिकामी पिशवी. सगळे पास म्हणाला, आणि लगेच हातोडी मागितली.

स्वयंपाकघर सासूबाईंनी हाती घेतलं. मी त्यांना ओट्यापुढे उभं केलं आणि विचारलं, “आई, हात कुठवर जातो?” त्यांनी हात वर केला. खांदा दुखतो, त्यामुळे कानाच्या वर फार जात नाही. तिथे पेन्सिलीची रेघ मारली. त्या रेघेच्या खाली तिखट-मीठ, तेल, चहा-साखर, कणकेचा डबा, रोजची भांडी. वर सणावाराचं. मॉड्युलर किचनवाले ओट्याची उंची सगळ्यांना सारखीच देतात. पण घरातली रोज स्वयंपाक करणारी बाई कोण, ती किती उंच, तिचा कोणता हात दुखतो, एवढं मोजलं तर निम्मी दगदग वाचते.

गॅसची रबरी नळी पाहिली. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती पाच वर्षांची. आमची संपत आली होती, नवीच लावली. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्याहून उंच, नळी ओट्यामागे दाबली जात नाही ना ते पाहिलं. गळतीच्या तक्रारीचा नंबर, 1906, दाराच्या आतल्या बाजूला लिहिला.

कुरड्या, पापड, सांडगे अजून लाखाळ्याच्या गच्चीवर वाळत होते. ते नवरा आणि दीर ऊन उतरल्यावर खाटेसकट घेऊन आले. आख्ख्या लेआउटने ती मिरवणूक पाहिली आणि तेवढ्यात ओळखी झाल्या.

सात

दिवा लावला. पहिला स्वयंपाक खिचडी आणि कढी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ‘आ’ची चारही खोकी उघडली, अंथरुणं गच्चीवर नेली, ‘स’ची खोकी भिंतीशी रचून ठेवली. त्यांना पंधरा दिवस हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं आहे. घरात आठवडाभर वावरल्यावर कुठे ऊन येतं, कुठे माणसं बसतात, कुठे पाय अडखळतो ते कळतं. शोभेच्या वस्तूंची जागा त्यानंतर ठरवलेली टिकते.

साडेनऊ

शेजारचे काका-काकू बसायला आले. मी वही पुढे ओढली आणि विचारत गेले. घंटागाडी कधी येते? साडेसातच्या सुमारास, ओला-सुका वेगळा. दूधवाला? सहाला. पावसात रस्त्यावर पाणी तुंबतं का? कोपऱ्यावर, नाली साफ झाली नसली तर. आणि नळ?

“उद्या पाळी आहे आपल्या गल्लीची,” काका म्हणाले. “पहाटे चारला सुटते. पहिलं पाणी गढूळ येते, दहा मिनिटं जाऊ द्या. जोर नसते, टाकीत चढत नाही. खालच्या हौदातच घ्या.”

व्हॉल्व्ह मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाच्या उजवीकडे, दोन फरश्या सोडून. दिरांनी टॉर्चच्या उजेडात माती उकरून तो मोकळा केला, दोन थेंब तेल सोडलं आणि फिरवून पाहिला. फिरला. चारला मी आणि सासूबाई उठू. नवऱ्याने साडेदहाला महावितरण गाठायचं आणि तिथूनच नगर परिषदेत. मी तलाठ्याकडे, कारण अर्जावर सही माझी लागते.